विहिरीची नोंदवही वस्तीच्या हातात हवी

कोळसा खाणीच्या गावात पाण्याबद्दल दोनच मते ऐकू येतात. वस्तीत म्हणतात, "सगळा सत्यानाश खाणीनेच केला." खाणीच्या कार्यालयात म्हणतात, "तुमच्या विहिरीचा आणि खाणीचा काही संबंध नाही, यंदा पाऊसच कमी पडला." दोन्ही बाजू ठामपणे बोलतात आणि बहुतेक वेळा दोघांच्याही हातात त्या विहिरीचा एकही आकडा नसतो. पण आकडा नसल्याचे नुकसान दोघांना सारखे होत नाही. खाणीचे काम चालूच राहते. वस्तीची मात्र विहीर जाते, आणि पुरावा नाही म्हणून तक्रारही जाते.

आम्ही, म्हणजे दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडून वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करणाऱ्या काही जणी, या लेखात एकच गोष्ट मांडणार आहोत. भूमिगत कोळसा खाणीच्या आसपासच्या प्रत्येक वस्तीने आपल्या पाण्याची नोंद स्वतः ठेवली पाहिजे, आणि कंपनी व सरकार जी मोजणी करते तिच्यात वस्तीची विहीर, वस्तीचा हातपंप नावानिशी घालून घेतला पाहिजे. हे इंजिनिअरचे काम आहे, आपले नाही, असे अनेकांना वाटते. आमचे मत उलट आहे. हे आरोग्याचे काम आहे, आणि ते घरातल्या बाईइतके चांगले दुसरे कोणी करू शकत नाही. कारण रोज पाणी तीच भरते.

जमिनीखाली काय होते

उघड्या खाणीचा खड्डा सर्वांना दिसतो. भूमिगत खाण दिसत नाही, म्हणून तिचा पाण्यावरचा परिणामही चटकन ध्यानात येत नाही. चंद्रपूर शहराला लागून दुर्गापूर रय्यतवारी, महाकाली, हिंदुस्थान लालपेठ या भूमिगत खाणींची नावे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतात. बल्लारपूर, वणीजवळचे राजूर, नागपूर जिल्ह्यातले सिल्लेवाडा, पाटणसावंगी, सावनेर हीसुद्धा भूमिगत खाणींची गावे. या भागात कोळशाच्या थरांच्या वर बऱ्याच ठिकाणी वालुकाश्म आहे. कामठी गावावरून भूगर्भशास्त्रज्ञांनी या खडकाला कामठी हे नाव दिले. हा खडक पाणी धरून ठेवतो आणि आपल्या विहिरी, बोअर त्याच्यावर जगतात. त्याच्याखाली कोळसा, आणि कोळशाच्या आजूबाजूलाही पाणी.

भूमिगत खाणीत गॅलऱ्या खोदत जातात आणि छत पेलण्यासाठी मध्ये कोळशाचेच खांब सोडतात. गॅलरीत सगळीकडून पाणी पाझरते. ते उपसले नाही तर खाण बुडेल, म्हणून पंप रात्रंदिवस चालतात. विहिरीला मोठा पंप लावला की शेजारच्या विहिरीचे पाणी खाली जाते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. खाण ही तशीच एक फार मोठी विहीर आहे.

पुढे खांबही काढायला घेतात. कामगार त्याला डिपिलरिंग म्हणतात. खांब काढल्यावर मागची पोकळी नदीच्या रेतीने भरली तर जमीन बऱ्यापैकी टिकते. छत कोसळू दिले तर वरचे खडक वाकतात, तडकतात, कधी जमीन खचते. त्या भेगांतून वरच्या थरातले पाणी खाली उतरते. शंभर वर्षे आटली नाही अशी विहीर एका उन्हाळ्यात कोरडी पडली तर त्यामागे हे कारण असू शकते. असू शकते, असेच आम्ही म्हणतो. आहेच, असे म्हणायला मोजणी लागते.

पाण्याचा गुणही बदलू शकतो. कोळशात आणि त्याच्या भोवतीच्या खडकात गंधक असलेली खनिजे असतात. त्यांना हवा आणि पाणी लागले की सल्फेट तयार होते, लोह सुटते, काही ठिकाणी पाणी आम्लधर्मी होते. खाणीतून उपसलेले पाणी नाल्यात सोडले की नाल्याकाठच्या उथळ विहिरींत ते मुरू शकते. नाल्याकाठी कोणाची घरे असतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आजार कोणत्या वाटेने येतो

खाणीच्या पाण्याबद्दल वस्तीत बरेच समज आहेत. केस गळाले, मुतखडा झाला, सांधे दुखले, सगळे पाण्यावर ढकलले जाते. आम्हाला इथे जरा स्पष्ट बोलावे लागेल, कारण चुकीचा आरोप खरी तक्रार कमजोर करतो. जड पाण्याने मुतखडा होतोच, असे वैद्यकशास्त्र ठामपणे म्हणत नाही. पाणी कमी पिण्याने मात्र मुतखड्याचा धोका नक्की वाढतो. पाणी खारट, मचूळ लागते म्हणून लोक कमी पितात, हा मुद्दा जास्त खरा आहे.

सल्फेट जास्त असले तर पाण्याला कडवट चव येते आणि पोट सैल होते. बाळाला वरचे दूध पाण्यात कालवून देत असतील तर त्याला हा त्रास लवकर होतो. फ्लोराइड जास्त असले तर मुलांच्या दातांवर पांढरे, पिवळे, मग तपकिरी चट्टे येतात आणि वर्षानुवर्षे तेच पाणी प्यायले तर हाडे व सांधे आखडतात. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत फ्लोराइड आहे, पण ते मूळ खडकातूनच येते. मग खाणीचा संबंध काय? उथळ विहीर आटली की लोक खोल बोअर मारतात, आणि खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघू शकते. हा संबंध आडवाटेचा आहे. तो पकडायचा तर विहीर कधी आटली आणि बोअर कधी मारला, याची तारीख हवी.

नायट्रेट जास्त निघाले तर बोट आधी खाणीकडे नको, जवळच्या संडासाच्या खड्ड्याकडे, गटाराकडे, उकिरड्याकडे करावे. बहुतेक वेळा ते तिथूनच येते. लहान बाळांना त्याचा धोका मोठा असतो.

आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त आजार येतो तो पाणी कमी पडल्याने. विहीर आटली की बाई लांबून पाणी आणते. गुंडभर पाण्यात स्वयंपाक, भांडी, बाळाची धुणी सगळे भागवायचे म्हटले की पहिला बळी हात धुण्याचा जातो. जुलाब, कावीळ तिथून सुरू होते. टँकरचे पाणी ड्रममध्ये आठवडाभर साठते, त्यात डासांच्या अळ्या होतात, मग पावसाळ्याच्या तोंडावर डेंग्यू. ग्रामीण नळ योजनेसाठी सरकारने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे माप धरले आहे. आपल्या घरात माणशी किती लिटर येते, हे एकदा मोजून पाहा. पाच जणांच्या घराला दिवसाला २७५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या साधारण अठरा गुंडी. बहुतेक बायका हा हिशेब ऐकून हसतात, कारण त्यांच्या घरी त्याच्या निम्मेही येत नाही. वैद्यकीय अहवालात "खाणीमुळे जुलाब" असे कधीच लिहून येणार नाही. पण विहीर आटल्याची तारीख आणि जुलाबाचे रुग्ण वाढल्याची तारीख शेजारी शेजारी लिहिलेली असेल तर डॉक्टरलाही विचार करावा लागतो.

मोजणी कायद्यात आहे, वस्तीत नाही

मोजणी करायची मागणी नवी नाही. ज्या खाणींना केंद्राची पर्यावरण मंजुरी आहे त्यांच्या मंजुरीपत्रात ती अट सहसा लिहिलेली असते. आसपासच्या विहिरींचे आणि खास खोदलेल्या निरीक्षण नळ्यांचे जाळे करावे, पाण्याची पातळी आणि गुण वर्षातून चार वेळा तपासावा: मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी. जमीन खचते का ते पाहावे, भेगा बुजवाव्यात. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे अटी किती पाळल्या याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, आणि हा अहवाल सार्वजनिक कागद आहे. पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ चा. खाणीतून पाणी उपसायला केंद्रीय भूजल प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, तिच्या निरीक्षण विहिरी आहेत, पाणी तपासायच्या प्रयोगशाळा आहेत. कागदावर काहीच कमी नाही.

मग वस्तीला यातले काही का माहीत नसते? आम्ही जे अहवाल चाळले त्यांत ठिकाणाच्या रकान्यात गावाचे नाव असते, विहिरीचे नसते. गावातली कोणती विहीर? पाटलाच्या वाड्याजवळची, खाणीच्या कॉलनीतली, की नाल्याकाठच्या बौद्ध वस्तीतली? एकाच गावात या तीन विहिरींचे पाणी तीन तऱ्हेचे असू शकते. अहवाल इंग्रजीत असतो. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागत नाही, विहारात तर येतच नाही. मोजणी होते, पण ज्याच्या घरचे पाणी मोजले त्याला आकडा कळत नाही. दवाखान्यात रुग्णाचे रक्त तपासून रिपोर्ट त्याला न दाखवता कपाटात ठेवला, तर त्याला उपचार म्हणत नाहीत.

हक्क कागदावर असणे आणि हातात असणे यातला फरक आपल्या समाजाला शिकवावा लागत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ सालीच झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. पण चवदार तळ्याच्या पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब हजारोंसह चालत गेले तेव्हा. त्यानंतरही दावा दहा वर्षे चालला. तळे कोणाच्या मालकीचे, वहिवाट काय होती, याचे कागद आणि साक्षी कोर्टापुढे आल्या, आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. लढा रस्त्यावर झाला आणि कागदावरही झाला. दोन्हींपैकी एकाने भागले नसते.

आजच्या कोर्टातही हेच दिसते. १९९१ साली सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा, म्हणजे संविधानाच्या कलम २१ चा भाग आहे. हा खटला कोळसा धुण्याच्या कारखान्यातून बोकारो नदीत सोडलेल्या गाळपाण्याबद्दलच होता. तत्त्व मोठे मिळाले, आजही वकील ते सांगतात. पण ती याचिका फेटाळली गेली. प्रदूषण मंडळाने योग्य पावले उचलली आहेत असे न्यायालयाला दिसले, आणि अर्जदाराचा हेतू स्वतःच्या फायद्याचा वाटला. यातून वस्तीने घ्यायचा धडा साधा आहे. हक्क संविधानाने दिला, पण दाव्याचे वजन कागदावर काय आहे आणि कोण बोलतो आहे यावर ठरते. पूर्ण वस्तीने, तारखेवार, सह्यांनिशी ठेवलेली नोंदवही ही त्यासाठी लागते.

नोंदवही कशी ठेवायची

वॉर्डात आम्ही रुग्णाच्या खाटेला तक्ता लावत असू. ताप एकदाच मोजून काही कळत नाही. सकाळ-संध्याकाळ, रोज, त्याच रुग्णाचा, त्याच पद्धतीने मोजला की तक्ता बोलू लागतो. विहिरीचेही तसेच आहे.

एक जाड बांधणीची वही घ्या. सुटी पाने नकोत. वस्तीतल्या दोन विहिरी आणि दोन हातपंप निवडा. शक्य असेल तर खाणीपासून लांब असलेल्या गावातली, सारख्याच जमिनीतली एक विहीरही नातेवाइकांच्या मदतीने मोजायला घ्या. ही लांबची विहीर फार महत्त्वाची आहे. पाऊस कमी पडला असेल तर दोन्हीकडचे पाणी उतरेल. तुमचीच विहीर उतरली आणि ती टिकली, तर "पाऊसच कमी" हे उत्तर कोणी सहज देऊ शकणार नाही.

विहिरीच्या काठावर एका जागी रंगाने खूण करा आणि नेहमी तिथूनच मोजा. न ताणणाऱ्या दोरीला वजन बांधा, पाण्याला टेकले की दोरीला चिमटा लावा, वर काढून टेपने मोजा. महिन्यातून दोनदा, ठरलेल्या तारखांना, पहाटे कोणी पाणी काढायच्या आत. हातपंपाचे खोल मोजता येत नाही, तर किती हापसे मारल्यावर पाणी आले आणि एक गुंड भरायला किती हापसे लागले ते लिहा. शेजारी लिहा: त्या पंधरवड्यात पाऊस पडला का, पाण्याचा रंग, वास, चव बदलली का, हादरे बसले का, भिंतीला किंवा जमिनीला नवी भेग पडली का, खाणीचे पाणी नाल्याला कोणत्या दिवशी जास्त आले. भेग दिसली तर तिच्या दोन्ही कडांवर पेन्सिलने खूण करून तारीख घाला, वाढते का ते कळेल. मोबाइलने फोटो काढा. खाली मोजणारीची आणि एका साक्षीदाराची सही.

पाण्याचा गुण घरी कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतो. वर्षातून किमान दोनदा, मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, नमुना द्या. हातपंप आधी चांगला पाच मिनिटे चालवा, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, वेळ लिहा. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक हवी, ती प्रयोगशाळेतूनच मागून घ्या. ती विसळायची नाही, आणि नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोचवायचा.

रिपोर्ट हाती आला की हे आकडे पाहा. भारतीय मानकाप्रमाणे एक लिटर पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. जडपणा २०० पर्यंत, नाइलाजाने ६००. सल्फेट २००, नाइलाजाने ४००. फ्लोराइड १, नाइलाजाने दीड. नायट्रेट ४५, त्यात सवलत नाही. पीएच साडेसहा ते साडेआठ. आणि विष्ठेतले जंतू, ज्यांना रिपोर्टमध्ये ई-कोलाय लिहितात, ते शंभर मिलिलिटरमध्ये एकही नको. एकच आकडा पाहून घाबरू नका किंवा निश्चिंत होऊ नका. मागच्या रिपोर्टशी ताडून पाहा. टीडीएस सातशेवरून चौदाशेवर गेला, तर तो अजून "चालवून घेण्याच्या" हद्दीत आहे, पण काहीतरी बदलले आहे हे नक्की.

घरातली काळजी वेगळी, ती थांबवू नका. जंतूंसाठी पाणी उकळा किंवा आशाताई देतात ते क्लोरीनचे द्रावण सांगितल्या मापाने घाला. पण उकळल्याने फ्लोराइड, सल्फेट जात नाही, उलट पाणी आटले की त्यांचे प्रमाण वाढते. तुरटीने गाळ बसतो, विरघळलेले क्षार जात नाहीत. खाणीतून उपसलेले पाणी दिसायला स्वच्छ असले तरी तपासल्याशिवाय पिऊ नका. पाटणसावंगीच्या खाणीचे पाणी शुद्ध करून "कोल नीर" नावाने बाटलीत भरले गेले. म्हणजे खाणीचे पाणी पिण्याजोगे करता येते हे कंपनीलाही ठाऊक आहे. मग शुद्ध केलेले पाणी बाटलीत आणि न तपासलेले नाल्यात, हा भेद वस्तीने का सोसावा?

"कशाला खाणीच्या वाकड्यात शिरता?"

हे वाक्य आम्हाला वस्तीतच जास्त ऐकू येते, आणि त्यामागची भीती खरी आहे. आपल्या कित्येक घरांत कोणीतरी खाणीत आहे किंवा होता. कोणी कायम, कोणी ठेकेदाराकडे. त्या पगारावर मुले शिकली. पाण्याचा विषय काढला तर पोराचे काम जाईल, असे आईला वाटते. आम्ही तिला दोष देत नाही.

पण मोजणे म्हणजे विरोध नव्हे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री असताना १९४३ च्या डिसेंबरात धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. कामगार कसा राबतो, कसा राहतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढच्याच वर्षी कोळसा कामगारांच्या कल्याणासाठी निधीचा वटहुकूम आला, आणि घरे, आरोग्य, पाणीपुरवठा या गोष्टी त्यात आल्या. आधी पाहणे, मग मागणे, ही ती रीत. खाणीत गॅस मोजल्याशिवाय कामगाराला खाली सोडत नाहीत. त्याला कोणी खाणीविरोध म्हणत नाही. खाली हवा मोजतात तसे वर पाणी मोजायचे. आणि ज्या कामगाराला खाली संरक्षण हवे, त्याचेच मूल वर ते पाणी पिते.

दुसरा आक्षेप: "आपण मोजलेले कोण मानणार?" एकट्याचे कोणी मानणार नाही. म्हणून वही विहारात राहावी, महिला मंडळाने ठेवावी, महिन्याच्या बैठकीत मोठ्याने वाचावी. नमुना घेताना ग्रामसेवक, आरोग्य सेविका किंवा नगरसेवक यांना बोलावून पंचनामा करावा. एकाच वेळी दोन बाटल्या भराव्यात, एक सरकारी प्रयोगशाळेला, एक दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीचे किट वापरायला शिकवायचे आहे. त्या पाच जणींत आपल्या वस्तीतली एक तरी आहे का, हे ग्रामसभेत विचारा. शहरातल्या वस्तीला ही योजना लागू नाही, तिथे नगरपालिकेकडे तपासणी मागा.

माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर खाणीचे मंजुरीपत्र, गेल्या तीन वर्षांचे सहामाही अहवाल आणि निरीक्षण विहिरींची यादी नकाशासह मागा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. यादी आली की पहिली गोष्ट पाहा: आपली वस्ती तिच्यात आहे का. नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून ती घालायची मागणी करा. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधित भागासाठीच आहे आणि पिण्याचे पाणी त्याच्या अग्रक्रमाच्या यादीत आहे. नोंदवहीची प्रत जोडलेला अर्ज आणि नुसता अर्ज यात जिल्हाधिकारी कार्यालयात फरक पडतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

खाण बंद झाली तरी वही बंद नको

शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त विसरला जातो. खाण बंद झाली की लोकांना वाटते, विषय संपला. खरे तर पाण्याचा दुसरा अध्याय तिथून सुरू होतो. पंप थांबले की रिकाम्या गॅलऱ्यांत पाणी भरत जाते आणि भोवतीची पातळी हळूहळू वर येते. कोरड्या विहिरींना पाणी येऊ शकते, ही चांगली गोष्ट. पण ते पाणी इतकी वर्षे उघड्या पडलेल्या कोळशाला आणि खडकाला धुऊन आलेले असते. विहिरीला पाणी आले म्हणून आनंदाने पिण्याआधी ते तपासलेच पाहिजे.

आणि वरची जमीन? ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. आजूबाजूची घरे रिकामी करावी लागली. अशा वस्तीत विहिरीची पातळी अचानक बदलणे, जमिनीला भेग पडणे, हातपंपाला गढूळ पाणी येणे या सगळ्या खुणा कोणीतरी तारखेनिशी लिहीत असले पाहिजे. जुन्या खाणी खालून कुठवर गेल्या आहेत याचा नकाशा नगरपालिकेच्या भिंतीवर लागला पाहिजे, आणि बंद खाणीच्या भोवतालची पाणी-मोजणी खर्चासह कंपनीकडेच राहिली पाहिजे. ही मागणी आपण आत्ताच केली नाही तर खाणीबरोबर जबाबदारीही गाशा गुंडाळून जाईल.

चंद्रपूर हे नाव केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २००९ च्या यादीत देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक भागांत चौथे होते, ८३.८८ गुणांनी. ही मोजणी झाली म्हणून तो विषय दिल्लीपर्यंत गेला. पण जिल्ह्याचा आकडा म्हणजे आपल्या वस्तीचा आकडा नव्हे. आपल्या हातपंपाचा आकडा आपणच लिहायचा आहे.

म्हणून येत्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा. वही कोण ठेवणार. कोणत्या दोन विहिरी आणि कोणते दोन हातपंप. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कोणाच्या नावाने जाणार. वहीच्या पहिल्या पानावर वस्तीचे नाव, विहिरीचे नाव, आजची तारीख आणि काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर लिहा. खाणीचे काम पुढे सरकण्याआधी जो आकडा लिहाल तोच पुढे सगळ्यात मोलाचा ठरेल, कारण गेलेला महिना नंतर कोणालाच मोजता येत नाही.